पेटी चालू, रस्ता बंद: कार्प आणि ओपनबीजीपीडीची जोडणी

आमच्या नवेगावबांधकडे कार्प म्हटलं की तलावातला रोहू-कतला. मी सांगतोय तो कार्प ओपनबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममधला. २००४ साली ३.५ आवृत्तीत आला. दोन मशीन मिळून एकच आयपी पत्ता सांभाळतात, एवढंच त्याचं काम.

गावाला नेट द्यायला माझ्याकडे दोन जुने डेस्कटॉप, म्हणजेच दोन पेट्या, प्रत्येकात तीन लॅनकार्डं. प्रोव्हायडर एकच, रस्ते दोन. पहिल्या पेटीला साकोलीकडून येणारी फायबर, दुसरीला टॉवरवरची रेडिओ लिंक. दोन्हींवर ओपनबीजीपीडी (बीजीपीडी), म्हणजे बीजीपी पद्धतीनं प्रोव्हायडरशी रस्त्यांची माहिती देणारा-घेणारा प्रोग्राम; त्यात आमच्या नेटवर्कचा खाजगी ओळखक्रमांक (एएस) ६५०१०. दुसरीवर प्रीपेंड लावलाय, म्हणजे तो रस्ता मुद्दाम लांबचा दाखवलाय, त्यामुळे परतीचा ट्रॅफिक फायबरनंच येतो. गावातल्या राउटरांना गेटवे, म्हणजे बाहेर जायचा पत्ता, दिलाय १०.२०.०.१. तो कोणत्याच पेटीचा स्वतःचा नाही. त्यांचे स्वतःचे .२ आणि .३.

कार्पमध्ये दोन्हीकडे व्हीएचआयडी (जोडीचा क्रमांक) ७, पासवर्ड तोच, ॲडव्हबेस (किती सेकंदांनी 'मी आहे' सांगायचं) १. ॲडव्हस्क्यू पहिलीला ०, दुसरीला १००; ज्याचा कमी त्याचा पत्त्यावर पहिला हक्क. पहिली गप्प झाली की साधारण ३.४ सेकंदांत दुसरी पत्ता उचलते. सिस्टिमची प्रीएम्प्ट सेटिंग १ करा, पहिली जिवंत झाली की तो परत घेते.

इथवर करून मी निवांत झालो होतो. मग ऐन रोवणीत नहराच्या कामावरच्या पोकलेननं फायबर तोडली. पहिली पेटी इन्व्हर्टरवर ठणठणीत, लॅनच्या बाजूनं सगळं बरोबर, म्हणून कार्पनं पत्ता सोडलाच नाही. स्क्रीनवर मास्टर (पत्ता सांभाळणारी), पुढे रस्ता नाही. दुसरी पेटी चालती लिंक घेऊन गुमान बसलेली. इकडे फोनवर फोन: "काहून भाऊ, नेट बंद करून ठेवलं का?"

औषध एका ओळीचं आहे. बीजीपीडीच्या फाईलमध्ये नेबरच्या, म्हणजे प्रोव्हायडरच्या राउटरच्या, कंसात 'डिमोट कार्प' लिहा, दोन्ही पेट्यांवर. त्याच्याशी सेशन एस्टॅब्लिश्ड (जोडलेलं) नसेल तोवर बीजीपीडी त्या पेटीचा डिमोशन आकडा वाढवून ठेवतो, आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडून पत्ता जातो. सेशन परत आल्यावरही आकडा ६० सेकंदांनीच उतरतो. जोडलेली फायबर लगेच पुन्हा गेली, तर ही सवड फार कामी येते.

होल्डटाइमही बघा, म्हणजे समोरून काहीच आलं नाही तर किती वेळानं सेशन मेलं समजायचं. मूळचा ९० सेकंदांचा. बाहेर फायबर तुटली तरी मीडिया कन्व्हर्टर (फायबर लॅनच्या तारेला जोडणारी डबी) पेटीकडचा लिंकचा दिवा लावूनच ठेवतो, मग बीजीपीला कळायला दीड मिनिट जातं. मी १५ ठेवलाय.

तिसऱ्या कार्डांमध्ये सरळ एक तार टाकून पीएफसिंक चालू करा; त्यानं पीएफची (ओपनबीएसडीच्या फायरवॉलची) चालू कनेक्शनांची नोंद दुसऱ्या पेटीलाही मिळते, म्हणून पत्ता हलला तरी ती तुटत नाहीत. त्यात पासवर्डबिसवर्ड काही नसतो, म्हणून ही तार स्विचवर नेऊ नका.

चाचणी घेताना पेटीची लाईट घालवू नका, ते तर चालतंच. फायबर काढा. दोन्हीकडे मास्टर दिसला तर पीएफचे नियम उघडा. बहुतेक वेळा कार्प प्रोटोकॉल, क्रमांक ११२, ब्लॉक झालेला सापडतो.