अ‍ॅल्युमिनियमची होडी गळतेय? एम-सील बाजूला ठेवा, रिवेट ठोका

जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी गळायला लागली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘एम-सील लावा’. दोन, ‘वेल्डिंग मारून घ्या’. दोन्ही ऐकू नका. रिवेटवर, म्हणजे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांवर, जोडलेल्या होडीचा पत्रा सहसा चांगलाच असतो, सैल झालेले असतात ते रिवेट. ते घट्ट केले की पानशेतला, मुळशीला किंवा उजनीच्या बॅकवॉटरला ती होडी पुन्हा निर्धास्त घालता येते.

काम फेब्रुवारी ते मे या काळात काढा. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत सांधे नीट वाळत नाहीत आणि रंगही धरत नाही. मेमध्ये मात्र सीलंटचं काम सकाळीच उरका. दुपारी पत्रा एवढा तापतो की सीलंट पसरायच्या आत त्यावर साय धरते.

होडी रिकामी करून धुऊन घ्या. बाकाखालचा फोम उचलून बघा. जड लागला तर तो पाणी प्यायलेला आहे, फेकून द्या.

आता गळती शोधा. होडी ठोकळ्यांवर सरळ ठेवा, मधल्या कण्याखाली भक्कम आधार द्या आणि आतून पाणी भरा. पत्रे जिथे जोडलेत त्या शिवणीच्या वर चार बोटं पुरे. काठोकाठ भरू नका, कारण शंभर लिटर म्हणजे शंभर किलो आणि ते सगळं वजन पातळ पत्र्यावर येतं. बाहेरून जिथे थेंब धरतो तिथे मार्करने गोल करा. पाणी काढून पत्रा कोरडा झाला की प्रत्येक रिवेट नीट न्याहाळा. भोवती काळपट-करडी कड दिसली तर तो रिवेट हलतोय, आज गळत नसला तरी. एका बाजूला बोट ठेवून दुसऱ्या बाजूने हलकेच टिचकी मारा. सैल रिवेट बोटाला कळतो.

यापुढचा टप्पा सगळ्यात अवघड. मलाही यानेच सर्वांत जास्त झुंजवलं. रिवेट ठोकणं एकट्याचं काम नाही. होडी एका कुशीवर उभी करा. बाहेरून एकाने रिवेटच्या डोक्यावर डॉली, म्हणजे जड पोलादी ठोकळा, घट्ट दाबून धरायची, आतून दुसऱ्याने शेपटावर, म्हणजे दांड्याच्या दुसऱ्या टोकावर, हातोडी मारायची. डॉली हलकी असेल किंवा धरणाऱ्याचा हात ढिला असेल तर रिवेट दबत नाही, नुसता मागेपुढे सरकतो आणि भोक मोठं होतं. बोलून काम करा: ‘धरलं’ ऐकल्याशिवाय हातोडी उचलायची नाही. घाव थोडे आणि नेमके हवेत. भोक बुजलं की आवाज बोथट न राहता कणखर येतो. तिथे थांबा. त्यापुढे मारलेला प्रत्येक घाव पत्रा ताणतो आणि शेजारचे रिवेट सैल करतो.

ठोकूनही हलतोय? मग तो बदलायचा. डोक्याच्या बरोबर मध्यावर पंच मारा, रिवेटच्या दांड्यापेक्षा किंचित बारीक ड्रिलने फक्त डोकं उडवा आणि दांडा पंचाने बाहेर ढकला. आरपार ड्रिल घातलंत तर भोक लांबट होतं. भोक खराब असेल तर एक माप मोठा रिवेट घ्या. नवा रिवेट भरीवच हवा आणि अ‍ॅल्युमिनियमचाच. ठोकायच्या बाजूला दांडा त्याच्या जाडीच्या दीडपट बाहेर राहिला पाहिजे. पाच मिलिमीटरच्या रिवेटला साडेसात. बसवताना भोकात पॉलियुरेथेन सीलंट भरा.

साधा पॉप रिवेट, म्हणजे एकाच बाजूने गनने ओढून बसवायचा, पाण्याखाली कधीच लावू नका. तो आतून पोकळ असतो, आणि त्यात अडकलेला लोखंडी खिळा गंजतो. आत हातच पोचत नसेल तर बंद तोंडाचा पॉप रिवेट मिळतो, तो घ्या. बोहरी आळीत हार्डवेअरवाल्याला असाच स्पष्ट शब्दांत सांगा, नाहीतर साधा हातात पडतो.

आता एम-सील का नको? पाण्यात पत्रा सतत लवतो. एम-सील कडक होतं, लवत नाही, म्हणून कडेने सुटतं. सिलिकॉन तर त्याहून वाईट, त्यावर पुढे ना रंग बसत ना दुसरं सीलंट. वेल्डिंगचंही तसंच. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या पुढे. शिवाय वितळण्याआधी ते लाल होत नाही, त्यामुळे सवय नसलेला वेल्डर पातळ पत्र्याला बघता बघता भगदाड पाडतो. वेल्डिंग टाळता येणारच नसेल तर भोसरीत टिग वेल्डिंगचा (आर्गॉन वायूच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगचा) जाणकार गाठा. रिवेटच्या रांगेजवळ तेही नको, उष्णतेने सांधे सुटतात.

पत्र्याला तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडा, वर सीलंट लावलेला अ‍ॅल्युमिनियमचा पॅच रिवेटने बसवा.

इंजिन लटकतं ती मागची फळी कुजली असेल तर भवानी पेठेतून मरीन प्लाय आणून बदला. वाळवीसाठी तांब्याचं रसायन पाजलेलं लाकूड घेऊ नका, ओलं झालं की ते अ‍ॅल्युमिनियम खातं. बोल्ट स्टेनलेसचे घ्या आणि त्यांनाही सीलंट लावा.

पुन्हा पाणी भरून बघा. कोरडी निघाली की पत्रा घासा, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी एच (etch) प्रायमर, म्हणजे रंगाला पत्र्यावर पकड देणारा पहिला थर, मारा. रात्रभर ठेवलात तर ऑक्साइड पुन्हा चढतो आणि रंग पापुद्र्यांनी निघतो. खरवडलेला रंग आणि थिनरच्या चिंध्या धरणाकाठी टाकू नका, खडकवासल्याचं पाणी पुणं पितं.

होडी ठेवताना लाकडी ठोकळ्यांवर पालथी ठेवा. ओल्या सिमेंटवर टेकवली तर त्यातला क्षार पत्र्याला बारीक खड्डे पाडतो.