दुकानाला महापालिकेची नोटीस आली? निदान या चुका तरी टाळा

गेली १६ वर्षं मुंबईत एका लायसन्स सर्व्हेअरच्या (पालिकेकडून बांधकामाचे प्लॅन मंजूर करून घेणारा) हाताखाली फायली काखेत मारून वॉर्ड ऑफिसचे जिने चढउतार करतोय. दुकानवाले येतात, तोंड उतरलेलं, हातात बेकायदा बांधकामाची चुरगळलेली नोटीस आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कोणाला सांगून मिटेल का हो?" मी उत्तरच देत नाही, आधी नोटिशीवरची तारीख बघतो.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे नोटीसच न घेणं. लोकांना वाटतं सही केली नाही म्हणजे नोटीस मिळालीच नाही. अहो, दाराला चिकटवली तरी बजावलीच धरतात, पंचनामा होतो, फोटो निघतो.

परळला एक इमिटेशन ज्वेलरीवाला, त्याला आपण दादा म्हणू. दादाने पोऱ्याला पढवून ठेवलेलं, पालिकेचा माणूस आला की सांगायचं शेठ गावाला गेलेत. दोनदा तो माणूस परत गेला, तिसऱ्यांदा दुकान बंद झाल्यावर येऊन शटरला नोटीस चिकटवून गेला. सकाळी पोऱ्याने शटर वर ढकललं, कागद गुंडाळीबरोबर आत. रात्री शटर खाली आलं की कागद बाहेर, पण कुलूप लावणारा पोऱ्या, त्याला वाटलं कसलीतरी जाहिरात असेल. दादाने तो कागद वाचला नवव्या दिवशी. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५१ ची, म्हणजे बेकायदा बांधकामाबद्दल खुलासा मागणारी नोटीस होती, खुलाशाला ७ दिवस.

आम्ही पळत उत्तर दिलं, सुनावणी मागितली, पण मुदतीत खुलासा नाही म्हणून ऑर्डर आधीच निघाली होती. पोटमाळा तोडला, मालाची खोकी फुटपाथवर, दादा डोक्याला हात लावून बसलेला. आणि खरी गंमत (गंमत कसली) पुढे आहे. दोन महिन्यांनी मूळ मालकाच्या जुन्या फायलीत मंजूर प्लॅन सापडला, त्यात पोटमाळा दाखवलेला होता! दादाने बांधला त्यापेक्षा लहान, पण होता. सात दिवसांत तो प्लॅन लावला असता तर वाढवलेल्या भागापुरतं भांडण राहिलं असतं. आता मी प्रत्येकाला सांगतो, नोटीस घ्या, सही करा, सहीखाली तारीख आणि वेळ टाका. त्याच दिवशी दोन झेरॉक्स काढा. उत्तराच्या कॉपीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून खाली उतरू नका, "ठेवून जा, बघतो" ही पोच नव्हे.

दुसरी चूक माझ्या खास डोक्यात जाणारी. उत्तराला काय लावतात? गुमास्ता (दुकानाच्या नोंदणीचा कागद), लाईट बिल, प्रॉपर्टी टॅक्सची पावती. गुमास्ता धंद्याचा असतो, भिंतीचा नाही. टॅक्स तर पालिका बेकायदा बांधकामालाही लावते आणि वर दंडही घेते, टॅक्स भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. "बांधकाम जुनं आहे" म्हणायचं असेल तर व्यापारी जागेला १ एप्रिल १९६२ च्या आधीचा पुरावा लागतो. राहत्या घराला १७ एप्रिल १९६४. लोक दोन्हींची खिचडी करतात, दुकानासाठी १९६३ चा कागद आणून छाती फुगवतात. एकाने १९७८ चं लाईट बिल लॅमिनेट करून आणलेलं. आणि १९६२ पूर्वीचा कागद खरा असला तरी त्यावेळी जेवढं होतं तेवढंच वाचतं, मागच्या दिवाळीत तुम्ही वाढवलेली उंची नाही. मी आधी मंजूर प्लॅन आणि ओसी (इमारत वापरायला दिलेला पालिकेचा दाखला) शोधतो, मग टेप घेऊन स्वतः दुकान मोजतो, मगच उत्तराला हात लावतो. "साहेब ड्राफ्ट संध्याकाळपर्यंत द्या ना" म्हणणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

बाकीच्या फटाफट. काम चालू असताना कलम ३५४अ ची, म्हणजे काम थांबवायची नोटीस आली तर काम त्या क्षणी थांबवा, परवानगी दाखवायला २४ तास असतात आणि त्या २४ तासांत रात्री लाईट लावून स्लॅब उरकणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांना तर केस दाखल झाल्यावरच अक्कल येते. रंग, प्लास्टर, लाद्या बदलणं ही दुरुस्ती, तिला परवानगी लागत नाही. लोखंडी आयबीम टाकून नवा माळा ही दुरुस्ती नाही, कॉन्ट्रॅक्टर काहीही सांगो. इमारतीच्या ओपन स्पेसमध्ये पावसाळ्यापुरती म्हणून घातलेली शेड दसऱ्यालाही उभी असेल तर तिला कोणी पावसाळी म्हणणार नाही. गोडाऊनचं हॉटेल करायचं असेल तर आधी वापर बदलाची परवानगी, नंतर गिऱ्हाईक. कोर्टातून स्टे आणतो म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच येतो, खुलासा दिला होता का?

आगीचं मात्र एका ओळीत सोडवत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबमध्ये १४ माणसं गेली, लगेच शहरभर पाडापाडी झाली आणि मग सहा महिने सगळे फायर फायर करत होते. आता परत जिन्यात खोकी. फॉर्म बी (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून यंत्रणा तपासून. नुसता कागद विकत घेणारे असतात, आग विझवायच्या सिलिंडरचा काटा लाल भागात आणि फॉर्मवर सगळं ओके. मी अशा फायलीला हात लावत नाही.

आणि चूक खरंच तुमची असेल तर स्वतः काढा. पालिकेने तोडलं तर खर्च तुमच्याकडूनच वसूल होतो आणि त्यांचा हातोडा शेजारची भिंत बघत नाही. काढल्यावर फोटो काढा, लेखी कळवा, पोच घ्या. फोटोत मी त्या दिवशीचा पेपर धरून उभा राहतो, साहेब हसतात, पण फायलीला लावून घेतात.