प्रभू बोलला, की माझा राग बोलला?

आमच्या चर्चच्या गायकवृंदाच्या सरावात मंडळीतल्या एका बहिणीने सगळ्यांसमोर माझ्यावर आवाज चढवला. त्या रात्री गुडघे टेकले आणि मनात स्पष्ट वाक्य उमटलं, ‘तुझं इथलं काम संपलं.’ अंगावर काटा आला. मी लगेच राजीनाम्याची चिठ्ठी लिहिली. रात्र फार झाली होती, म्हणून ती कोणाच्या हाती गेली नाही. सकाळी वाचली, तर तिच्यात प्रभूचं नाव दोनदा होतं आणि त्या बहिणीचं सात वेळा.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. प्रभूकडून प्रेरणा झाली असं वाटलं की तिच्यात तीन गोष्टी लिहायच्या: नेमके शब्द कोणते आले, आधीच्या तासाभरात काय घडलं, आणि झोप-जेवण झालंय का.

तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल. पण बायबलमधल्या ‘1 राजे’ या पुस्तकाचा 19वा अध्याय वाचा. ईजबेल राणीच्या धाकाने पळालेला एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, दोनदा उठवून भाकरी आणि पाणी देतो. होरेब डोंगरापर्यंतचा 40 दिवसांचा प्रवास त्यानंतरचा, आणि देवाची ती मंद वाणी तर त्याच्याही नंतरची. वाणीवर आपण पुष्कळ प्रवचनं ऐकतो, भाकरीवर क्वचितच. जागरणानंतर आलेल्या ‘संदेशावर’ मी निर्णय घेत नाही.

मग पान मिटून थांबायचं. यरुशलेमेच्या पडलेल्या भिंतींची बातमी पारसी राजाच्या दरबारातल्या नहेम्याला किसलेव महिन्यात कळली, राजापुढे तो बोलला नीसानमध्ये. मधले सुमारे चार महिने! लहान गोष्टीला मी आठवडा देते, नोकरी, लग्न, मंडळी सोडणं अशा गोष्टींना निदान दोन महिने. मात्र ‘आजारी माणसाची चौकशी करून ये’ असं मनात आलं तर वही शोधत बसू नका, उठा आणि जा. चांगुलपणाला परवानगी लागत नाही.

आता आपलं लाडकं वाक्य: ‘मला शांती वाटली, म्हणजे प्रभूची इच्छा.’ देवापासून पळताना योना संदेष्टा तारवाच्या तळाशी गाढ झोपला होता. आणि क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता, तरी त्याचा जीव अतिशय खिन्न झाला होता. शांतीची नोंद जरूर घ्या, पण तिच्या एकटीच्या साक्षीवर निकाल देऊ नका.

मला जास्त उपयोगी पडली ती जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची पारख. 1521 मध्ये स्पेनमधल्या पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि ते अंथरुणाला खिळले. शौर्याची स्वप्नं रंगवताना त्यांना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की मागे आनंद टिकून राहायचा. त्यांचा एक नियम मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिला आहे: मन अंधारात असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही.

वचनाशी ताडून पाहणं तर आलंच. बिरुया शहरातल्या लोकांनी प्रेषित पौलाचं बोलणंही शास्त्रातून तपासून घेतलं होतं. पण डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन घ्यायचं, हे ताडणं नव्हे. पूर्ण अध्याय वाचा, खासकरून तुमच्या मनाविरुद्ध जाणारा.

शेवटी एका अशा माणसाला सांगा, जो तुम्हाला तोंडावर ‘नाही’ म्हणू शकेल. सांगताना ‘प्रभू मला म्हणाला’ म्हणू नका, ‘मला असं वाटतंय’ म्हणा. पहिलं वाक्य ऐकलं की समोरच्याचं तोंडच बंद होतं. (मी हे वाक्य बरीच वर्षं त्याचसाठी वापरलं, हे कबूल करते.)

गायकवृंदाचं पान मी आठवड्याने उघडलं. ‘काम संपलं’ त्यातला जोर ओसरला होता. मात्र प्रार्थनेत दुसरंच काही पुन्हा पुन्हा येत होतं: तिला विचार, ती दमली आहे का. काटा नाही, अश्रू नाहीत, आणि मला ते मुळीच करायचं नव्हतं. विचारलं. ती कित्येक रात्री आईच्या आजारपणात जागत होती.

प्रत्येक पान असं उलगडत नाही. वहीत नऊ पानं अशी आहेत, ज्यांच्यावर मी अजून नुसत्या तारखा टाकते आहे.