ड्राफ्टचा अंदाज बांधायचाय? आधी संघ वाचा, मग खेळाडू

एप्रिलच्या शेवटी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट होतो: संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नवा खेळाडू निवडतात. कॉलेजातून बाहेर पडणारा कोणता खेळाडू कुठल्या संघात जाईल, याची यादी बांधायला बसलात की बहुतेक जण करतात ते करू नका. ते गुणवत्तेप्रमाणे खेळाडूंची रांग लावतात आणि वरून खाली संघांना वाटत सुटतात. निवड संघ करतो, आणि तो आधी स्वतःची अडचण बघतो.

मी शिकागोकर, इथल्या बेअर्स संघाचा चाहता. माझ्या वहीत प्रत्येक संघाला एक पान आहे. डावीकडे मैदानावरची जागा, पुढे तिथे सध्या कोण खेळतो, त्याचं वय किती आणि करार कधी संपतो. हे शेवटचे दोन रकाने सगळ्यात मोलाचे.

२०२४ च्या मार्चमधलं बेअर्सचं पान बघा. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, संघाचा सूत्रधार) जस्टिन फील्ड्सला त्यांनी पिट्सबर्गला देऊन टाकलं. पहिली निवड हातात असताना क्वार्टरबॅकची जागा रिकामी केली, म्हणजे कॉलेजातला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स येणार हे ठरलंच. त्याच महिन्यात रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) म्हणून कीनन ॲलन आला. आता नवव्या निवडीला रिसीव्हर कशाला, असं वाटलं असतं. पण ॲलन बत्तिशीला टेकलेला आणि कराराचं शेवटचं वर्ष. बेअर्सनी नवव्या क्रमांकावर रोम ओडुन्झे हा रिसीव्हरच घेतला.

अटलांटाचंही तेच. त्यांनी मार्चमध्ये कर्क कझिन्सशी मोठा करार केला, आणि तरी आठव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्स घेतला. धक्का सगळ्यांनाच बसला. पण कझिन्स पस्तिशीचा होता, टाचेची शीर तुटून आदला हंगाम अर्ध्यावर सुटलेला. म्हणून मार्चच्या मध्यावर फ्री एजन्सी (करार संपलेले खेळाडू नवा संघ धरतात तो काळ) सुरू झाली की रोज वही उघडा, आणि जागा भरली असं नुसतं नाव बघून मानू नका.

क्वार्टरबॅकचा हिशोब मात्र वेगळा मांडायचा. तो एक तर फार वर जातो, नाही तर घसरतच जातो, कारण ज्यांची जागा रिकामी नाही ते संघ राखीव माणसावर वरची निवड सहसा खर्च करत नाहीत. २०२४ मध्ये पहिल्या १२ निवडींत सहा क्वार्टरबॅक गेले. २०२२ मध्ये पहिला केनी पिकेट विसाव्या क्रमांकावर, आणि त्यानंतरचा थेट ७४ व्या! २०२५ मध्ये शेड्युर सँडर्सला कितीतरी जणांनी पहिल्या फेरीत (पहिल्या ३२ निवडींत) धरलं होतं. क्लीव्हलँडने त्याला पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर उचललं. तेव्हा क्वार्टरबॅकचं नाव लिहिण्याआधी रिकाम्या खुर्च्या मोजा. खुर्च्या संपल्या की पुढचं नाव पहिल्या फेरीतून खोडा, टीव्हीवर काहीही म्हणोत.

कंबाइनच्या (ड्राफ्टआधी होणाऱ्या शारीरिक चाचण्यांच्या) आकड्यांत फार अडकू नका. झेवियर वर्दी ४० यार्ड ४.२१ सेकंदांत धावला, विक्रम केला, आणि गेला २८ व्या क्रमांकावर. अलाबामातल्या मोबाइल शहरात होणाऱ्या सीनियर बोल या कॉलेज खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या सरावातून मला जास्त कळतं, खास करून लाइनमनबद्दल (पुढच्या फळीत भिडणारे धिप्पाड खेळाडू). तिथे समोरासमोर झुंज असते, लपायला जागा नसते.

संघ आपसांत निवडींची अदलाबदल करतात; त्या अदलाबदली धरायच्या असतील तर डॅलसचा माजी प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या जुन्या तक्त्यापासून सुरुवात करा, त्यात प्रत्येक निवडीची किंमत गुणांत आहे: पहिली निवड ३,००० गुण, सोळावी १,०००, बत्तिसावी ५९०. आजचे संघ आपापले तक्ते वापरतात, पण ढोबळ अंदाजाला हा पुरतो. यादीत दोनच अदलाबदली धरा, त्याही क्वार्टरबॅकसाठीच. जास्त धरल्या की पुढचे सगळे क्रमांक कोलमडतात.

मित्रांत पैज लावणार असाल तर गुण दोन प्रकारे द्या: खेळाडू पहिल्या फेरीत गेला याचा एक, नेमका संघ जुळला तर आणखी दोन. पहिली फेरी गुरुवारी रात्री असते, आमच्या याद्या बुधवारी रात्री बंद होतात. गुरुवारच्या बातम्या वाचून नावं बदलायला कोणालाही मुभा नाही.