स्वित्झर्लंडमध्ये १४४ ला फोन करायला कचरू नका

दर उन्हाळ्यात इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवीन चेहरे दिसतात आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: मुलांची शाळा, घरभाडं, भारतीय किराणा, गाडीचं लायसन्स. रात्री दोन वाजता घरात कुणाच्या छातीत कळ आली तर काय करायचं, हे मात्र कुणीच विचारत नाही. वेळ आली की सगळे गोंधळतात, आणि गोंधळ दरवेळी एकाच जागी होतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

रुग्णवाहिकेचा नंबर १४४. पोलीस ११७, अग्निशमन ११८. ११२ लावला तरी चालतो. मुलाने औषध किंवा साफसफाईचं रसायन तोंडात घातलं तर १४५, तिथे विषबाधेचे जाणकार चोवीस तास बसलेले असतात. हे नंबर आजच फोनमध्ये घाला.

आता गोंधळाची जागा. महाराष्ट्रात १०८ ची गाडी फुकट येते. इथे बिल येतं, आणि ते हजार फ्रँकांच्या घरात सहज जातं. हे ऐकून आपली माणसं फोन करायलाच घाबरतात. आधी मित्राला फोन, मग मित्राच्या डॉक्टर मेव्हण्याला नागपूरला फोन, मग टॅक्सी. माझ्या ओळखीतल्या एका घरात नवऱ्याचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. बायकोने गाडीवाल्या मित्राला बोलावलं. तो बिचारा धावत आला आणि त्यांना जवळच्या रुग्णालयात घेऊन गेला. तिथे पक्षाघातावर उपचार करणारं पथक नव्हतं. मग तिथून रुग्णवाहिकेनेच मोठ्या रुग्णालयात हलवलं. बिल आलंच, हातातली वेळ गेली, आणि उजव्या हातात ताकद आजही पुरती नाही. १४४ ला फोन गेला असता तर गाडीतल्या लोकांनी लक्षणं बघून त्यांना थेट योग्य जागी नेलं असतं. छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, एक बाजू लुळी पडणं, श्वास न पुरणं, शुद्ध हरपणं: यातलं काहीही असेल तर पैशाचा विचार नंतर. कुणाला विचारू नका, कुणाची वाट बघू नका, १४४ लावा.

पैशाचा विचार आधीच करून ठेवायचा असतो, आणि तो इथे उतरल्यावर पहिल्या तीन महिन्यांत. आरोग्य विमा त्या मुदतीत घ्यावाच लागतो. सक्तीचा मूळ विमा रुग्णवाहिकेचा निम्मा खर्च देतो, तोही वर्षाला जास्तीत जास्त ५०० फ्रँक. जीव धोक्यात असताना सुटका करावी लागली तर निम्मा खर्च, वर्षाला ५,००० फ्रँकांपर्यंत. उरलेलं तुमच्या खिशातून. म्हणून वाहतूक आणि सुटकेचा खर्च देणारा पूरक विमा घ्या. त्याचा हप्ता मूळ विम्याच्या मानाने किरकोळ असतो. मात्र पूरक विमा कंपनी नाकारू शकते, मूळ विमा नाकारू शकत नाही. म्हणून तब्येत ठणठणीत असतानाच अर्ज करा.

अपघाताचं वेगळं आहे. नोकरी आठवड्याला आठ तास किंवा जास्त असेल तर सुट्टीच्या दिवशी डोंगरावर पाय मोडला तरी मालकाचा अपघात विमा लागू होतो. नोकरी नसलेल्या जोडीदाराला आणि मुलांना तो नसतो. फॉर्म भरताना नवऱ्याचं बघून बायकोच्या आरोग्य विम्यातूनही अपघाताचा भाग वगळणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. तो भाग ठेवा.

सेवा कशी आहे म्हणाल तर उत्तम. आरोग्य हा इथे कँटनचा, म्हणजे राज्याचा विषय, आणि कँटन २६. त्यामुळे सगळीकडे सारखं काही नाही. देशपातळीवरचा मापदंड असा की दहापैकी नऊ वेळा गाडी पंधरा मिनिटांत पोचावी. शहरात आणि सपाटीवर हे बहुतेक जमतं. दरीच्या टोकाच्या गावात हिवाळ्यात जमेलच असं नाही, आणि तसं घर घेताना हे ध्यानात असू द्या. अशा बऱ्याच भागांत गावातलेच प्रशिक्षित स्वयंसेवक डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, घेऊन आधी पोचतात. गाडीतून डॉक्टर उतरला नाही म्हणून आपल्याकडचे काहीजण नाराज होतात. नाराज होण्याचं कारण नाही. गाडीतले कर्मचारी, जर्मनमध्ये रेटुंग्झझानिटेटर, तीन वर्षांचं शिक्षण घेतलेले असतात, आणि गरज असेल तर डॉक्टर वेगळ्या गाडीने मागून येतो.

फोनवर आधी जागा सांगा, मग काय झालं ते. इंग्रजी बहुधा चालते. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका. तुम्ही बोलत असतानाच गाडी निघालेली असते. आणि एक गोष्ट जी नवीन लोक हमखास विसरतात: इथे फ्लॅटला नंबर क्वचितच असतो, घंटीवर आडनाव असतं. घंटीवर अजून जुन्या भाडेकरूचं नाव असेल तर रात्री खाली उभ्या माणसाला तुमचं घर सापडणार कसं? राहायला आलात की त्याच आठवड्यात घरमालकाकडून नाव बदलून घ्या. तोवर निदान कागद चिकटवा. फोन केल्यावर एकाला खाली पाठवा, इमारतीचं दार उघडं धरायला.

आता डोंगर. १९४६ साली गाउली हिमनदीवर अमेरिकी डकोटा विमान पडलं, तेव्हा स्विस वैमानिकांनी छोटी विमानं बर्फावर उतरवून माणसं बाहेर काढली. १९५२ मध्ये रेगा ही हेलिकॉप्टरने बचाव करणारी संस्था स्थापन झाली. आज तिला वर्गणी देणारे ३५ लाखांहून जास्त आहेत, आणि देशाची लोकसंख्या ९० लाखांच्या आसपास. या लोकांच्या शिस्तीबद्दल आपण कुरकुर करतो, पण रेगा बघितली की मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. नंबर १४१४. रेगाचं ॲप घ्या, ते तुमची जागा आपोआप कळवतं. मोबाइल डेटा किंवा ॲप नसेल तर पायवाटेवरची पिवळी पाटी आठवा: तिच्यावर पांढऱ्या पट्टीत त्या जागेचं नाव आणि उंची लिहिलेली असते. शेवटची पाटी दिसली की फोटो काढायची सवय लावा.

हेलिकॉप्टर दिसलं की मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, इंग्रजी वाय अक्षरासारखे. नको असेल तर एक हात वर, एक खाली. हात हलवून नमस्कार-टाटा करू नका, वैमानिक गोंधळतो. पंख्याचा वारा जबरदस्त असतो. ओढणी, टोपी, बॅग, बाबागाडी धरून ठेवा. दाट धुकं किंवा वादळ असेल तर हेलिकॉप्टर उडत नाही, आणि मग बचाव पथक पायी वर येतं. त्याला तास लागतात. जाड जाकीट आणि पाणी जुलैतही घ्या.

रेगाची वर्गणी एकट्याला ४० फ्रँक, कुटुंबाला ८०. जरूर भरा, पण ती विमा नाही. विमा जो खर्च देत नाही तो रेगा स्वतःच्या मदतीपुरता माफ करू शकते. १४४ च्या गाडीचं बिल त्यात येत नाही. आणि वालिस कँटन, ज्यात झर्मॅट आणि मॅटरहॉर्नचा स्विस भाग येतो, तिथली व्यवस्था वेगळी आहे. तिथे १४४ लावायचा, आणि एअर झर्मॅट किंवा एअर ग्लेशियर्सचं हेलिकॉप्टर येतं. त्यांची वर्गणी स्वतंत्र. पाहुण्यांना घेऊन दर उन्हाळ्यात झर्मॅटला जाणाऱ्यांनी हे नीट वाचा.

पाहुण्यांचं शेवटी, कारण आई-वडील सगळ्यांचेच येतात. व्हिसासाठी ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो म्हणून सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतली जाते, आणि तिच्यात आधीपासून असलेले आजार बहुधा वगळलेले असतात. साठी उलटलेल्या माणसाला रक्तदाब नाही असं आपल्याकडे क्वचितच. पॉलिसी तिकिटाआधी वाचा, आधीचे आजार धरणारी घ्या, हेलिकॉप्टरचा खर्च येतो का ते लेखी विचारा. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, आणि रेल्वेने दोनेक तासांत तिथे नेलं की हृदयाच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. वर गेल्यावर चक्कर किंवा धाप लागली तर रेल्वेच्या कर्मचाऱ्याला लगेच सांगा आणि पुढच्या गाडीने खाली या. औषधांची यादी ब्रँडच्या नावाने नको, मूळ औषधाच्या नावाने इंग्रजीत लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. इथे भारतीय ब्रँड कुणी ओळखत नाही.