नाईट लॅच नीट लागत नाही? नवीन आणण्याआधी या चुका टाळा

लॅच अडतंय, किल्ली फिरत नाही, दार तीनदा आपटल्याशिवाय लागत नाही, अशी तक्रार आली की पहिलं काम एकच. दार सताड उघडं ठेवायचं आणि तसंच किल्ली फिरवून बघायची. उघड्या दारात किल्ली अलगद फिरते आहे, जीभ (लॅचमधून बाहेर येणारा धातूचा तुकडा) पूर्ण आत जाते आहे आणि किल्ली सोडल्यावर खट्कन बाहेर येते आहे, तर लॅचमध्ये काहीही बिघाड नाही. दोष दारात, बिजागरीत किंवा चौकटीवरच्या डबीत, म्हणजे जीभ जिच्यात जाऊन अडकते तिच्यात आहे. उघड्या दारातही अडत असेल, तरच लॅच खोलायचं. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी न करता लोक हजारदीड हजाराचं नवं लॅच आणतात, ते त्याच जागी बसवतात आणि महिन्याभरात तीच तक्रार परत सुरू होते.

आपोआप लागणाऱ्या लॅचची सगळी करामत त्याच्या जिभेच्या आकारात असते. जिभेची एक बाजू सरळ आणि दुसरी तिरकी कापलेली असते. मागून स्प्रिंग तिला सतत बाहेर ढकलत असते. दार ओढून घेतलं की तिरकी बाजू डबीच्या कडेवर येते, त्या उतारामुळे दाराचा पुढचा रेटा आडव्या रेट्यात बदलतो, जीभ आत सरकते आणि कड ओलांडली की स्प्रिंग तिला डबीत फेकते. आता दार ढकललं तर डबीला भिडते ती सरळ बाजू. तिला उतार नाही, म्हणून कितीही ढकललं तरी जीभ आत जात नाही. कडी आपल्याला लावावी लागते, लॅच स्वतः लागतं, ते एवढ्यामुळे.

या उताराचं गणित समजून घेतलं तर पुढच्या बऱ्याच चुका आपोआप कळतात. उतार ४५ अंशांचा धरा. घर्षण अजिबात नसतं, तर स्प्रिंगच्या जोराइतकाच रेटा दाराला पुरला असता. गुळगुळीत धातूवर घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर स्प्रिंगच्या दीडपट रेटा लागतो. उतारावर ऑइलपेंटचे थेंब वाळले, गंज चढला आणि तोच गुणांक ०.५ झाला, तर रेटा तिप्पट होतो. आणि १ च्या जवळ गेला की जीभ डबीवर नुसती रुतून बसते, आत जातच नाही. स्प्रिंग तीच, दारही तेच, फक्त पृष्ठभाग खराब झाला. घराला रंग दिल्यानंतर लॅच जड झालं, ही तक्रार यातूनच येते. रंगारी जिभेवरून आणि डबीवरून ब्रश फिरवून जातो. तो रंग खरवडून काढा, बारीक पॉलिश पेपर मारा आणि उतारावर मेणबत्ती घासा. रंगकाम सुरू होण्याआधी जिभेला आणि डबीला कागदी टेप चिकटवली तर हेही करावं लागत नाही.

जीभ उलटी बसवणे

आपल्याकडे मुख्य दार बहुधा आत उघडतं आणि जाळीचं सेफ्टी डोअर बाहेर. दोन्हींना एकच लॅच घेऊन येणारे पुष्कळ आहेत. आत उघडणारं दार मिटताना बाहेरच्या दिशेने सरकतं, म्हणून तिरकी बाजू बाहेर हवी. बाहेर उघडणाऱ्या दाराचं नेमकं उलट. जीभ चुकीच्या बाजूने बसली की दार मिटताना सरळ बाजू डबीवर आदळते आणि दार लागतच नाही. मग कोणीतरी कानस घेऊन डबीची कड घासतो. जीभ मात्र तशीच राहते, आणि आता दार मिटल्यावर ढकललं की तिरकी बाजू डबीला भिडून जीभ आत सरकायला मोकळी होते. म्हणजे कुलूप आहे, पण अडवत कोणालाच नाही. काही लॅचमध्ये जीभ काढून फिरवता येते, काहींमध्ये येत नाही. दुकानात जाण्याआधी बाहेर उभं राहून दोन गोष्टी बघून ठेवा: बिजागऱ्या डाव्या हाताला आहेत की उजव्या, आणि दार कुठे उघडतं. दुकानदाराला हे सांगितलं की तो बरोबर लॅच काढून देतो.

डबी घासण्याची घाई

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडा वेळ घालवतो.

जिभेच्या टोकाला आणि कडांना खडू फासा. दार सावकाश मिटा, पुन्हा उघडा आणि डबीवर खडू कुठे लागलाय ते बघा. डबीच्या खालच्या कडेवर लागला असेल तर जीभ खाली आली आहे, म्हणजे दार लोंबलं आहे. याची खात्री करायची असेल तर मिटलेल्या दाराची मूठ धरून दार किंचित वर उचला आणि त्याच वेळी किल्ली फिरवा. आता ती सहज फिरली, तर उत्तर मिळालं. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत. दाराच्या वरच्या कोपऱ्यातली, लॅचच्या बाजूची फट रुंदावलेली दिसेल आणि खाली दार फरशीला किंवा उंबऱ्याला घासत असेल.

उपाय बिजागरीत आहे. स्क्रू आवळा. भोकं मोठी होऊन स्क्रू नुसते गरगर फिरत असतील, तर भोकात फेव्हिकॉल लावलेल्या लाकडी काड्या ठासून भरा, रात्रभर वाळू द्या आणि मग स्क्रू पुन्हा घाला. वरच्या बिजागरीचा एखादा स्क्रू ५० मिमीचा टाकला तर तो चौकटीत खोल पकड घेतो आणि दार परत लोंबत नाही. हे न करता डबीचं भोक खाली वाढवत गेलात, तर दार पुढेही लोंबतच राहणार आहे, आणि तुम्ही दरवर्षी कानस काढत राहणार आहात.

खडू खालीवर नाही, पण डबीच्या आतल्या भिंतीवर दाट उठलाय, असंही होतं. तेव्हा दार बाहेरून स्वतःकडे ओढून धरा आणि किल्ली फिरवा. मोकळी झाली का? मग दार आतल्या बाजूला रेटलं जातंय आणि जीभ डबीच्या भिंतीला दाबून बसली आहे. चौकटीला नवी रबरी पट्टी लावली असेल तर बहुतेक वेळा तिचाच हा दाब असतो. पातळ पट्टी लावा किंवा डबी दोनेक मिमी आत सरकवा. दार पिळवटलं असेल तरी लक्षणं हीच दिसतात. वर आणि खाली, दोन्हीकडे दार चौकटीला सारखं टेकतं का, ते बघितलं की कळतं.

दार आणि चौकट यांच्यातली फट साधारण ३ मिमी असावी. ती ७-८ मिमी झाली की जीभ डबीत जेमतेम टेकते. किल्ली छान फिरते, दार लागल्याचा आवाज येतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. एका खांद्याच्या धक्क्यात असं दार उघडतं. तसंच डबीच्या स्क्रूंचं. बाहेरून दार ढकललं की सगळा भार डबीवर आणि तिच्या स्क्रूंवर येतो. पाकिटातले आखूड स्क्रू लाकडात अर्धा इंचही जात नाहीत. लॅच महागडं आणि डबी आखूड स्क्रूंवर, असं दार मला रोज दिसतं आणि रोज वाईट वाटतं.

जिभेशेजारची छोटी पिन

चांगल्या लॅचमध्ये जिभेला लागून एक बारीक पिन असते. दार मिटलं की ती पिन डबीच्या पट्टीवर टेकून आत दाबलेलीच राहिली पाहिजे. ती दाबलेली असताना आतला अडसर जिभेमागे उभा राहतो आणि जीभ बोटाने किंवा पत्र्याच्या तुकड्याने मागे सारता येत नाही. नुसत्या स्प्रिंगवरच्या जिभेत ही कमजोरी असते, तिच्यासाठीच पिन दिलेली आहे. पण पट्टीचं भोक मोठं कापलं किंवा मघाशी सांगितलं तसं घासून वाढवलं, की जिभेबरोबर पिनही भोकात पडते. मग अडसर उभा राहत नाही. तपासायला सोपं आहे: दार उघडं ठेवा, पिन अंगठ्याने दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने जीभ ढकला. जीभ अडली पाहिजे. इथे अडते, तर लॅच ठीक आहे. मग मिटलेल्या दारात पिन कुठे टेकते ते खडूने बघा.

जुलैमध्ये रंधा मारणे

लाकूड पाणी शोषून रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत फारसं नाही. म्हणून पावसाळ्यात दार रुंदीला वाढतं आणि लॅचच्या बाजूला अडतं. सुताराला बोलावून त्याच आठवड्यात रंधा मारून घेतला की दिवाळीनंतर दार सुकतं आणि तीच मोठी फट तयार होते. अगदी मिटतच नसेल तर अडणाऱ्या कडेवर मेण घासून पावसाळा निभावून न्या. थंडीत, दार सुकल्यावर, किती काढायचं ते ठरवा आणि उघडं पडलेलं लाकूड त्याच दिवशी पॉलिश किंवा रंगाने बंद करा. दाराची वरची आणि खालची कड बहुतेक घरांत कोरीच राहते, पाणी तिथूनच आत शिरतं. समुद्राजवळच्या घरांत खारी हवा स्प्रिंग खाते. तिथे लॅच घेताना आतली स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची आहे का, हे विचारून घ्या.

किल्लीच्या भोकात खोबरेल तेल

सिलिंडरमध्ये, म्हणजे किल्ली ज्यात जाते त्या गोल भागात, पाच-सहा जोड पिना असतात आणि प्रत्येक जोडीवर केसासारखी नाजूक स्प्रिंग. बरोबर किल्ली घातली की सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत येतात आणि आतला गोल दांडा फिरतो. अमेरिकन कुलूपकार लायनस येल धाकटा यांनी १८६१ आणि १८६५ मध्ये ज्या रचनेची पेटंटं घेतली, तीच आज आपल्या दारात आहे. मुळात पिना आपोआप पडून कुलूप लागण्याची कल्पना प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांत होतीच. तिथे पिना स्वतःच्या वजनाने पडत, येलच्या रचनेत स्प्रिंग त्यांना खाली ठेवते.

या बारीक मापात तेल ओतलं की दोन दिवस लोण्यासारखं चालतं. मग धूळ चिकटते आणि चिकट लगदा होतो. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली थिजतं. पुण्यात, नाशकात, विदर्भात थंडीच्या सकाळी किल्ली फिरत नाही आणि दुपारी फिरते, तेव्हा आधी हेच विचारा की कोणी तेल घातलंय का. त्याहून वाईट म्हणजे लगद्यात पिन वर अडकून राहिली तर ती जोडी राखण करतच नाही, आणि जवळपास जुळणारी भलती किल्लीही चालू शकते. सिलिंडरला कोरडं वंगण लागतं. ग्रॅफाइटची पूड मिळाली तर उत्तम, नाहीतर मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दातांवर घासा आणि किल्ली पाच-सात वेळा आतबाहेर करा. तेल आधीच गेलेलं असेल तर सिलिंडर काढून, क्लीनर मारून, वाळवून मगच ग्रॅफाइट.

किल्लीवरूनही एक सांगतो. डुप्लिकेट किल्ली नेहमी मूळ किल्लीवरून कापून घ्या. पिनांच्या मापांतला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढत गेलं की प्रत्येक वेळी थोडी चूक वाढते आणि तिसरी किल्ली हलवून हलवून फिरवावी लागते. आणि दार ओढायला किल्लीचा मूठ म्हणून वापर थांबवा. बाहेर एक साधा हॅंडल बसवला की किल्ली आणि सिलिंडर दोन्ही वाचतात.

मागची पट्टी

सिलिंडरच्या मागे एक चपटी पट्टी असते, ती दारातून आरपार जाऊन आतल्या पेटीतली जीभ ओढते. दाराच्या जाडीप्रमाणे ती तोडायची असते, त्यासाठी तिच्यावर खाचा असतात. जास्त लांब राहिली तर पेटीच्या तळाला टेकून किल्ली जड होते. आखूड तुटली तर किल्ली फिरते आणि जीभ हलत नाही. म्हणून पट्टी आधी लांब ठेवून बसवून बघा, मग एकेक खाच कमी करा. पेटी बसल्यावर दार उघडं ठेवूनच किल्लीने, आतल्या मुठीने आणि बटणाने जीभ हलते का, हे बघा. ते झाल्याशिवाय दार मिटू नका.

सोसायटीच्या प्रवेशदाराला क्लोजर (दार आपोआप मिटवणारं यंत्र) असेल आणि लॅच लागत नसेल, तर क्लोजरवरचे दोन स्क्रू बघा. एक दार मिटण्याचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या टप्प्याचा जोर. दुसरा पाव आटा फिरवला की बहुतेक वेळा काम होतं. पूर्ण बाहेर काढू नका, तेल गळतं आणि क्लोजर वाया जातो.

आत अडकणारी माणसं

काही लॅचमध्ये बाहेरून किल्लीचा जास्तीचा फेरा दिला की आतली मूठही बंद होते. घर रिकामं असताना हे उत्तम. घरात आजी झोपलेल्या असताना, मूल आत असताना किंवा घरकामाच्या ताई काम करत असताना तो फेरा कधीही देऊ नका. फ्लॅटला बाहेर पडायला एकच दार असतं. आग लागली तर आतल्या माणसाच्या हाताशी फक्त ती मूठ असते. आतूनही किल्लीच लागणारं कुलूप अशा दाराला लावायचं असेल तर एक किल्ली आत, सगळ्यांना माहीत असलेल्या ठिकाणी हवी. मात्र ती भोकात लावून ठेवू नका. बऱ्याच दोन्हीकडून चालणाऱ्या सिलिंडरमध्ये आतली किल्ली भोकात असेल तर बाहेरची चालत नाही.

कचरा ठेवायला किंवा दूध घ्यायला बाहेर आलात आणि वाऱ्याने दार मिटलं, हे टाळायला जीभ मागे धरून ठेवणारं बटण दिलेलं आहे. ते वापरा. जास्तीची किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यापेक्षा विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे द्या.

किल्ली हरवली, भाडेकरू बदलला, तर पूर्ण लॅच बदलायची गरज नसते. आतली पेटी आणि डबी तशीच ठेवून फक्त सिलिंडर बदलता येतं. जुना सिलिंडर काढून दुकानात न्या, मागच्या पट्टीची रुंदी आणि स्क्रूंमधलं अंतर जुळवा आणि तसाच घ्या.