सीताफळाच्या पाल्याची डीपीपीएच चाचणी, आणि तिच्यावरून काय म्हणू नये

बालाघाटच्या डोंगरात सीताफळाचा पाला हवा तेवढा मिळतो, त्यामुळे एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला तो सोयीचा. डीपीपीएच हा जांभळा, टिकाऊ फ्री रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू; अर्कानं त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की तो विझतो आणि रंग जातो, तेच ही चाचणी मोजते. पाला सावलीत वाळवा, दळा. १० ग्रॅम भुकटी १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये २४ तास ठेवून अधूनमधून हलवा, गाळा आणि ४० अंशांच्या आत सुकवा. वाळलेल्या अर्काचं १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण करून त्यातून १० ते २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरची मालिका बनवा.

डीपीपीएच ०.१ मिलिमोलर लागतं, म्हणजे १०० मिलिलिटरला ३.९४ मिलिग्रॅम. एवढंसं वजन करताना ०.१ मिलिग्रॅम इकडेतिकडे झालं तरी अडीच टक्के चूक. त्यापेक्षा ३९.४ मिलिग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये विरघळवा आणि दहापट पातळ करा. बाटलीला फॉइल गुंडाळा. द्रावण त्याच दिवशी वापरा.

३ मिलिलिटर डीपीपीएच, १ मिलिलिटर अर्क, ३० मिनिटं अंधारात, मग ५१७ नॅनोमीटरला वाचन. कंट्रोलमध्ये अर्काऐवजी मिथेनॉल. त्याची शोषकता (द्रावण किती प्रकाश शोषतं ते वाचन) ०.८ च्या आसपास हवी. जांभळा रंग पिवळा पडतो, पण पाल्याच्या अर्काला स्वतःचाही रंग असतो. म्हणून प्रत्येक तीव्रतेला १ मिलिलिटर अर्क आणि ३ मिलिलिटर मिथेनॉल असा वेगळा ब्लँक घ्या आणि त्याचं वाचन वजा करा. हा टाळला की जास्त तीव्रतेला आलेख उगाच वाकतो. मे महिन्यात नळ्यांना बूच हवंच. मिथेनॉल उडालं की वाचन चढतं.

तुलनेला अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड: ५ ते २५ मायक्रोग्रॅम, ताजं. बोअरच्या पाण्यात करू नका, त्यातलं लोह-तांबं ते खाऊन टाकतं. त्याचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू विझवतो, म्हणून आयसी-५० (निम्मं डीपीपीएच विझवणारी तीव्रता, मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर) घातलेल्या द्रावणाच्या हिशेबानं १३ च्या जवळ यावा; चार मिलिलिटरच्या हिशेबानं तोच ३.३. कोणता आकडा दिलाय ते लिहा. निम्मे गोंधळ इथेच होतात.

आता निष्कर्ष. ‘फ्री रॅडिकल विझवतो, म्हणून कर्करोगविरोधी’ हे वाक्य खोडा. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध उलट रॅडिकल तयार करतं: त्याचा क्विनोन भाग एक इलेक्ट्रॉन घेतो, तो ऑक्सिजनला देऊन सुपरऑक्साइड बनवतो आणि पुन्हा मोकळा होतो. (पेशी मारण्याचं मुख्य काम मात्र टोपोआयसोमरेज-२ हे डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम अडवून होतं.) ब्लिओमायसिन हे दुसरं औषध तर लोह आणि ऑक्सिजन घेऊनच डीएनए तोडतं. सीताफळातली अ‍ॅसिटोजेनिनंसुद्धा पेशी मारतात ती पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा पहिला कॉम्प्लेक्स बंद पाडून. डीपीपीएचला यातलं काहीच दिसत नाही. ‘हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता आढळली’, एवढंच लिहा.

पुढे पेशींवर एमटीटी (जिवंत पेशी जांभळ्या रंगावरून मोजणारी चाचणी) करणार असाल तर पेशी नसलेल्या एका खान्यातही अर्क घाला. अर्कातली पॉलिफिनॉल एमटीटीला थेट जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत मोजल्या जातात.